समुद्रातून येणारे घोडे आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कुणीतरी एखाद्या पुस्तकाविषयी चार शब्द बोलावेत, ही आपली प्रथा. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपवले आणि त्याबरोबर एक प्रश्नही माझ्या पदरात टाकला. वाचनालयाच्या कुमार विभागासाठी मुलींनी जी यादी दिली, तीत ‘द स्कॉर्पिओ रेसेस’ ह्या इंग्रजी कादंबरीचे नाव होते. यादी वाचली जाताना एक भगिनी म्हणाल्या, “ह्या पुस्तकात घोडे माणसे खातात म्हणे! असले पुस्तक आपण होऊन मुलींच्या हाती का द्यायचे?” प्रश्न रास्त आहे. मुलींच्या हाती काय पडते, हे आईने पाहायचे नाही तर कुणी पाहायचे? म्हणून मी ते पुस्तक आधी स्वतः वाचले. जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवते. निर्णय अर्थातच आपण सर्वांनी मिळून करायचा आहे.

ह्या कादंबरीच्या लेखिका मॅगी स्टीव्हॉटर. त्या अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातल्या. कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली आणि २०१२ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संस्थेने कुमारवाङ्मयासाठीच्या प्रिंट्झ पारितोषिकाच्या वेळी तिचा सन्मान केला. लेखिका अमेरिकेच्या असल्या तरी कथा घडते समुद्रातल्या थिस्बी नावाच्या बेटावर. हे बेट नकाशात शोधू नका, ते कल्पनेतले आहे. पण आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्यांच्या मधले मॅन बेट ह्यांची हवा त्याला आहे. उभे पांढरे कडे, खाली वाळूचा पट्टा, मेंढ्या, मासेमारी, सतत वारा आणि खिशात पैसा थोडा. काळ नेमका सांगितलेला नाही. मोटारी तुरळक आहेत आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, एवढे मात्र कळते.

ह्या बेटावर दर वर्षी शरद ऋतूत समुद्रातून घोडे बाहेर येतात. त्यांचे नाव कापल इश्का. आयरिश भाषेत कापल म्हणजे घोडा आणि इश्का म्हणजे पाणी. दिसायला ते जमिनीवरच्या घोड्यांहून देखणे आणि वेगवान, पण मांसाहारी. मेंढी, कुत्रा, माणूस, काहीही त्यांना वर्ज्य नाही. बेटावरचे पुरुष जिवावर उदार होऊन त्यांना पकडतात, लोखंड, घंटा आणि लाल फिती ह्यांच्या जोरावर काबूत ठेवतात आणि नोव्हेंबरच्या १ तारखेला समुद्राकाठच्या वाळूवर त्यांची शर्यत लावतात. जिंकणाऱ्याला मोठी रक्कम मिळते. दर वर्षी कुणी ना कुणी मरतो. तरी शर्यत होतेच, कारण तिच्यावर बेटाचा निम्मा संसार चालतो. पाहुणे येतात, पैजा लागतात, दुकाने चालतात.

ही कल्पना लेखिकेने हवेतून काढलेली नाही. स्कॉटलंडमध्ये तळ्याच्या आणि समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या घोड्याच्या लोककथा फार जुन्या आहेत. नदीतल्या घोड्याला तिकडे केल्पी म्हणतात. मॅन बेटावरही पाणघोड्याच्या कथा आहेत. एका कथेत काठावर एक गोजिरवाणे तट्टू उभे असते. मुले एकामागून एक त्याच्या पाठीवर चढतात, आणि जितकी मुले चढतील तितकी त्याची पाठ लांब होत जाते. मग हात त्याच्या कातडीला चिकटतात आणि घोडा साऱ्यांना घेऊन पाण्यात शिरतो. एक मुलगा तेवढा वाचतो, कारण त्याने फक्त एक बोट लावलेले असते आणि तो ते बोट कापून मोकळा होतो. स्कॉटलंडमध्ये फॉलकर्क गावाजवळ कालव्याच्या काठी ह्या केल्पींची सुमारे ३० मीटर उंचीची दोन पोलादी मस्तके २०१३ साली उभी करण्यात आली. इतकी ही कथा त्या लोकांच्या मनात अजून जागी आहे.

भगिनींनो, अशा कथा आयांनी आणि आज्यांनीच जिवंत ठेवल्या असतील, असे मला वाटते. पोर पाण्याजवळ जाऊ नये म्हणून नुसते “जाऊ नकोस” म्हणून भागत नाही. आपल्याकडेही नदीच्या खोल डोहाशी साती आसरांचे ठाणे असते. डोहाजवळ एकटे जाऊ नये, तिन्हीसांजेला तर नाहीच, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. आजीने आपल्याला भीती घातली खरी, पण त्या भीतीतून डोह कुठे खोल आहे हेही सांगून ठेवले.

आणि समुद्रातून घोडा येणे आपल्याला तरी कुठे नवीन आहे? समुद्रमंथनात उच्चैःश्रवा निघाला तो समुद्रातूनच. त्याच्या शेपटीचा रंग कोणता, ह्यावर कद्रू आणि विनता ह्या दोघी बहिणींनी पैज लावली. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला चिकटून राहायला सांगून पांढरी शेपटी काळी दाखवली आणि विनता दासी झाली. पुढे गरुडाने अमृत आणून आईला सोडवले. म्हणजे घोडा समुद्रातला, पैज घोड्यावर, आणि पणाला लागले ते एका बाईचे स्वातंत्र्य. आपल्या पुराणांत समुद्राच्या पोटात जळणाऱ्या अग्नीला वडवानल म्हणतात. वडवा म्हणजे घोडी, आणि त्या अग्नीचे मुख घोडीचे आहे, असे सांगितले आहे. पाण्यातली आवरता न येणारी शक्ती दाखवायची झाली की घोडा आठवावा, हे दूरदूरच्या लोकांना सारखेच सुचलेले दिसते. तेव्हा आपल्या मुलींना ह्या पुस्तकातले घोडे अगदीच परके वाटणार नाहीत.

आता कथा सांगते. ती दोन तोंडांतून येते. एक प्रकरण केट कॉनोली सांगते, तर दुसरे शॉन केंड्रिक.

केटला घरात पक म्हणतात. तिचे आईवडील होडीतून समुद्रात गेले असताना ह्याच घोड्यांनी मारले. घरात उरली तीन भावंडे. थोरला गेब, मधली पक आणि धाकटा फिन. गेब नोकरी करतो, पक चहाच्या किटल्या रंगवून दुकानात विकायला देते, आणि कसेबसे चालते. एके दिवशी गेब सांगतो, मी बेट सोडून मुख्य भूमीवर जाणार. पकच्या तोंडून त्या क्षणी निघून जाते, “मी शर्यतीत भाग घेणार आहे.” तिला घोडे जिंकायचे नसतात की नाव कमवायचे नसते. भाऊ निदान शर्यत होईपर्यंत थांबेल, एवढाच तिचा हिशेब. पुढे तिला कळते की घरावर कर्ज आहे, बेटावरचा सर्वांत धनाढ्य मनुष्य माल्व्हर्न ह्याचे देणे थकले आहे आणि घर जायची वेळ आली आहे. थोरल्या भावाला हे ठाऊक होते, पण त्याने ते एकट्याने मनात ठेवले होते. मग हट्टाने बोललेला शब्द घराची एकुलती एक आशा होऊन बसतो.

ही प्रकरणे वाचताना मला कोकणातली घरे आठवली. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत जायचा, मागे म्हातारी माणसे, सुना आणि लहान भावंडे राहायची, आणि मनिऑर्डरीची वाट पाहण्यात महिना सरायचा. जाणाऱ्याच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या. मागे राहणारीच्या मनात राग, माया आणि हिशेब एकाच वेळी कसे चालतात, हे ह्या पुस्तकात फार खरे उतरले आहे. पक भावावर चिडते, ताटे आपटते, आणि तरी त्याच्या वाटणीचे जेवण काढून ठेवते, अशा स्वभावाची ती मुलगी आहे.

शर्यतीत आजवर एकही स्त्री उतरलेली नसते. पक उतरते तीही समुद्री घोडा न घेता, आपल्या डव्ह नावाच्या साध्या, ठेंगण्या घोडीवर. ती घोडी तिने लहानपणापासून सांभाळलेली. आईबापांना खाणाऱ्या जनावरावर बसणार नाही, हा तिचा निश्चय. पुरुष हसतात, रागावतात, भर सभेत हरकत घेतात. बेटाच्या जुन्या रीतीला हा धक्का, असे त्यांचे म्हणणे. आणि तेव्हा तिच्या बाजूने बोलायला उभा राहतो तो शॉन, शर्यत चार वेळा जिंकलेला स्वार.

इथे एक तुलना करते. १९३५ साली एनिड बॅग्नोल्ड ह्या इंग्रज लेखिकेने ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ नावाची कादंबरी लिहिली. तीतली मुलगी इंग्लंडच्या प्रसिद्ध ग्रँड नॅशनल शर्यतीत धावते, पण मुलाचा वेष घेऊन. ती पहिली येते, पण तिचे बक्षीस जाते. प्रत्यक्षात त्या शर्यतीत स्त्री स्वार म्हणून प्रथम उतरली ती शार्लट ब्रू, १९७७ साली. तिला शर्यत पुरी करता आली नाही. १९८२ साली जेराल्डिन रीस हिने ती पुरी केली. आणि २०२१ साली आयर्लंडच्या रेचेल ब्लॅकमोर हिने ती जिंकली. पहिल्या स्त्रीपासून पहिल्या विजयी स्त्रीपर्यंत ४४ वर्षे गेली. २०११ सालच्या कादंबरीतली पक वेष पालटत नाही. आपल्या नावाने, आपल्या घोडीवर, सर्वांच्या देखत उभी राहते. आपल्या मुलींनी हे वाचावे असे मला वाटते, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण शॉन. हा मुलगा १९ वर्षांचा, मितभाषी, माल्व्हर्नच्या पागेत नोकर. त्याचे वडील ह्याच शर्यतीत त्याच्या डोळ्यांदेखत गेले. त्याचा जीव कॉर नावाच्या तांबड्या समुद्री घोड्यावर आहे. पण कॉर त्याचा नाही, मालकाचा आहे. पैसे साठवून तो विकत घ्यावा, एवढीच त्याची इच्छा, आणि मालक ती पुरी होऊ देत नाही. का, तर कॉर गेला की शॉनही जाईल, आणि असा मनुष्य पुन्हा मिळणार नाही. मालक एकाला बांधून दुसऱ्यालाही बांधून ठेवतो. पगारावर राबणाऱ्या प्रत्येकाला ही जागा वाचताना थांबावेसे वाटेल.

शॉनचे वागणे पाहण्यासारखे आहे. इतर स्वार घोड्याच्या अंगावर लोखंड आणि घंटा ह्यांचा भार घालतात. शॉन कमीत कमी घालतो. तो घोड्याच्या कानाशी बोलतो, त्याच्या श्वासावर लक्ष ठेवतो, समुद्राकडे त्याचे कान वळले की ओळखतो. पण हा घोडा आपला लाडका आहे, तेव्हा तो आपल्याला काही करणार नाही, असे तो एक क्षणही मानत नाही. कॉर भुकेला असेल, समुद्राची हाक जोराची असेल, तर तो आपल्यालाही मारील, हे त्याला पक्के ठाऊक आहे. हे ठाऊक असून तो त्याच्यावर जीव लावतो.

माझ्या मते ह्या पुस्तकाचे सारे सार ह्यात आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचा स्वभाव विसरू नये, आणि तो स्वभाव आपल्या सोयीसाठी बदलावा अशी अपेक्षाही धरू नये. पकला भावाला धरून ठेवायचे असते. तिला हळूहळू समजते की गेब वाईट नाही, निर्दय नाही, त्याला ह्या बेटावर श्वासच घेता येत नाही. माल्व्हर्नला घोडा आणि नोकर दोन्ही मुठीत हवे असतात, आणि दोघांपैकी कुणाचेही मन त्याच्याकडे नसते. आणि आपण आया? मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की आपल्यालाही कधी लोखंड वाढवावेसे वाटते, कधी घंटा. काळजीपोटीच वाटते, ते मी जाणते. पण काळजी आणि ओळख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीचे कान कुठल्या दिशेला वळले आहेत, हे आपण पाहिले आहे का, असा प्रश्न वाचता वाचता मनात आला, आणि तो लवकर गेला नाही.

आता मूळ हरकतीकडे येते. पुस्तकात रक्त आहे. माणसे मरतात, जनावरे मरतात, आणि वाचकाला आवडू लागलेला एक तरुणही मरतो. हे मी झाकून ठेवणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला मी हे पुस्तक देणार नाही. चौदा-पंधराच्या पुढे मात्र जरूर देईन. कारण इथे मरण गंमत म्हणून येत नाही. प्रत्येक मरणानंतर कुणाच्या तरी घरात एक खुर्ची रिकामी होते आणि लेखिका ती दाखवते. हिंसेचा धंदा करणारी पुष्कळ करमणूक आज मुलींच्या हातातल्या फोनवर आपल्याला न विचारता येऊन पडते. तीत मेलेल्याची आई कधी दिसत नाही. दोहोंतला हा भेद मुलींना कळावा, असे वाटत असेल तर हेच पुस्तक उपयोगी पडेल.

शिवाय पुस्तक सगळे रक्ताचे नाही. शर्यत शेवटच्या काही प्रकरणांत येते. त्याआधी महिनाभराची तयारी आहे, आणि ती संसारी माणसाला फार जवळची वाटेल. डव्हला चांगला दाणा घालायचा तर पैसे कुठून आणायचे, उधारी कुणाकडे मागायची, फिनने बिघडलेली मोटार कशी चालू करायची, घरात गोडाचे काही करावे तर लोणी आहे का, असे सारे प्रश्न आहेत. बेटावर शर्यतीच्या दिवसांत ‘नोव्हेंबर केक’ नावाचा एक चिकट, गोड पदार्थ करतात. हा पदार्थ लेखिकेच्या मनचा आहे, पण वाचकांना त्याची इतकी गोडी लागली की पुढे त्यांनी त्याची कृतीही दिली. आपल्या पाककृती विभागाच्या भगिनींनी हे काम जरूर मनावर घ्यावे.

भाषा काव्यमय आहे. समुद्राचे, वाऱ्याचे, वाळूवरच्या धुक्याचे वर्णन सावकाश येते. पहिली पन्नास पाने हळू जातात, आणि अधीर वाचकाला तिथे कंटाळा येईल, हा दोष म्हणा. माल्व्हर्नच्या मुलाचे चित्र मला जरा एकाच रंगात रंगवल्यासारखे वाटले. बापाच्या प्रेमाला पारखा झालेला तो मुलगा आहे, त्याला आणखी चार पाने मिळायला हवी होती. पण शॉन आणि पक ह्यांच्यातला स्नेह जसा वाढतो, तो संयम आजकालच्या पुस्तकांत विरळा. दोघे कड्यावर शेजारी शेजारी घोडे पळवतात, थोडे बोलतात, एकमेकांचे काम पाहतात. आधी आदर निर्माण होतो आणि प्रेम त्याच्या मागून येते. मुलींशी ह्या विषयावर बोलायचे कसे, असा ज्या आयांना संकोच वाटतो, त्यांना इथे बोलण्याची एक सोपी वाट सापडेल.

शर्यतीत काय होते, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. पक जिंकते. शॉन जिंकत नाही, कारण ऐन शर्यतीत पकवरचे संकट तो आणि कॉर आपल्या अंगावर घेतात. कॉरचा पाय मोडतो. पळू न शकणारा घोडा मालकाला नकोसा होतो, आणि ज्यासाठी शॉनने आयुष्य वेचले तो घोडा अशा रीतीने त्याचा होतो. गेब ठरल्याप्रमाणे जायला निघतो. घर मात्र वाचते. आणि शेवटी शॉन कॉरला समुद्राच्या कडेला नेऊन त्याचे दोर काढून टाकतो. पुढे तो घोडा काय करतो, हे मी सांगणार नाही. ते एक पान तुम्ही आपल्या मुलीशेजारी बसून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

शेवटी कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवते. पहिली, पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक मुलींसाठी आणि एक आयांसाठी. एकच प्रत घेतली तर ती मुलींच्याच दप्तरात राहील आणि आपण वाचल्याशिवायच मत देत राहू. दुसरी, पुस्तक इंग्रजी आहे, म्हणून ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव नाही त्यांच्यासाठी एखाद्या मोठ्या मुलीने शनिवारी दुपारी दोन प्रकरणे वाचून मराठीत सांगावीत. मुलीने वाचावे आणि आईने ऐकावे, हा उलटा क्रम एकदा करून पाहायला हरकत नाही. तिसरी, वाचन पुरे झाल्यावर उच्चैःश्रव्याची आणि साती आसरांची गोष्ट आपल्यातल्या वयस्कर भगिनींनी मुलींना सांगावी. परक्या समुद्रातला घोडा त्या पाहतील, तेव्हा आपल्या समुद्रातला घोडाही त्यांच्या ओळखीचा असावा.